आत्याच्या हातातल्या दोन पट्ट्या

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी हैदराबादला संशोधन करत होते. दोन वर्षं काम एकच. टायटॅनियमच्या बटणाएवढ्या चकत्या घ्यायच्या, काही घासून आरशासारख्या करायच्या, काहींवर वाळूचा मारा करून खरखरीत करायच्या, आणि दोन्हींवर हाडाच्या पेशी वाढवायच्या. गुळगुळीत चकतीवर पेशी सपाट पसरायच्या, भराभर वाढायच्या, पण हाड घडवायला फारशा तयार नसायच्या. खरखरीत चकतीवर त्या थोड्याच असायच्या, तरी खाचांत पाय रोवून कामाला लागायच्या. पण हे सगळं काचेच्या बशीत. माणसाच्या अंगात काय होतं, ते मी कधी पाहिलं नव्हतं.

संक्रांतीला वांकिडीजवळच्या आमच्या गावी आले, तर आत्या आदिलाबादला जायच्या तयारीत. तीन वर्षांपूर्वी कापसाच्या बैलबंडीवरून पडून तिच्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडं मोडली होती. त्यांना धातूच्या पट्ट्या स्क्रूनं बसवलेल्या. आता त्या कातडीखाली टोचायच्या, म्हणून काढायच्या होत्या. मी सोबत गेले.

डॉक्टर तेलुगू, माझ्याशी हिंदीत बोलायचे. मी काय शिकते ते ऐकून त्यांनी जुना कागद काढला. एका हाडाला चकचकीत पोलादी पट्टी होती. दुसऱ्या हाडाच्या मापाची पोलादी तेव्हा मिळाली नव्हती, म्हणून तिथे टायटॅनियमची, मळकट दिसणारी, खरखरीत.

मी तो कागद दोनदा वाचला. "डॉक्टरसाब, मैं अंदर आऊँ?"

ते हसले. "चक्कर तो नहीं आएगा?"

हात बधिर केला होता, पण आत्या जागी होती. मध्ये हिरवा पडदा. पोलादी पट्टीचे स्क्रू निघाले, डॉक्टरांनी कडेखाली चपटं हत्यार घातलं आणि पट्टी अलगद सुटून वर आली. खाली पांढरट, ओलसर पापुद्रा. हाड आणि पट्टी शेजारी राहिली होती, पण एकमेकांना धरलं नव्हतं.

दुसरी हलेना. स्क्रू निघाले, तरी हलेना. कडांवरून हाड चढलं होतं. डॉक्टरांनी छिन्नी मागितली.

"काय ठोकून राह्यले वं?" पडद्याआडून आत्या.

"पट्टी निघत नाही, आत्या! हाडानं धरून ठेवली आहे!"

"मंग तू काऊन खूश होऊन राह्यली?"

डॉक्टरांसकट सगळे हसले. मला हसू आवरत नव्हतं आणि रडूही येत होतं. छिन्नीचे हलके ठोके बसत होते आणि पट्टीला चिकटून हाडाचे बारीक कण वर येत होते.

संध्याकाळी आत्या खाटेवर बसून चहा पीत होती. मी तिला दोन्ही पट्ट्या दाखवल्या आणि बोटानं चाचपायला लावल्या. मग डॉक्टरांच्या परवानगीनं खरखरीत पट्टी औषधाच्या बाटलीत घातली आणि ती हैदराबादला नेऊ का, असं तिला विचारलं.

"घेऊन जाय. पण ते हाडाले कसं कळते वं, कोनती चिकनी अन् कोनती खरबडीत?"

"पेशींना कळतं. त्या इतक्या बारीक असतात, की आपल्याला जी नुसती खरखर वाटते, ती त्यांच्यासाठी डोंगरदरी असते."

आत्यानं बँडेजमधल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "अन् माह्या हातात त्या डोंगर चढून राह्यल्या होत्या, आमाले पत्ताच नाई."

हैदराबादला परतल्यावर मार्गदर्शक सरांनी आधी मला जमिनीवर आणलं. दोन्ही पट्ट्यांचा धातू वेगळा, हाड वेगळं. एका हातावरून सिद्धांत मांडता येत नाही. मला ते पटत होतं. तरी पट्टीचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा मी खुर्चीवर बसू शकले नाही. काळ्या धातूच्या प्रत्येक खाचेत गुलाबी हाड उतरलं होतं, मध्ये फट नाही. सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, बराच वेळ हलवला नाही, आणि म्हणाले, "याचा फोटो घे."

पुढच्या खेपेला तो फोटो गावी नेला. आत्या कापूस वेचत होती. तिनं तिथेच फोटो हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, आणि वेचणाऱ्या सगळ्या बायांना हाका मारून बोलावलं.

"पाहा वं, हे माहं हाड हाय!"