पुस्तक आढळले नाही

मी शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल आहे. उरलेल्या अर्ध्या वेळात मी पोषण आहाराची खिचडी चाखते, रजेवरच्या शिक्षकांचे तास घेते आणि झाडून सगळ्या प्रशिक्षणांना जाते. प्रशिक्षणाचं पत्र आलं रे आलं की बाकीच्यांच्या घरी लग्नं निघतात.

या वेळचा विषय होता 'डिजिटल ग्रंथालय'. निघताना मुख्याध्यापकांनी बजावलं, "बाई, ॲपमध्ये जेवढी नोंदली जातील तेवढीच पुस्तकं शाळेची धरणार. बाकीची रद्दीत. आणि पुस्तकंच नसली तर खोली कशाला अडवायची? स्मार्ट बोर्डाचे खोके ठेवू तिथे." ते खोके आले तेव्हापासून व्हरांड्यात न उघडता पडलेत, पण त्यांना खोली हवी! माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

आमच्या पुस्तकांचं असं झालंय की वादळात ग्रंथालयाची कौलं उडाली आणि कपाटं भिजली. सुपारी वाळत घालतात त्या खळ्यात मी एकेक पुस्तक उघडून उन्हात ठेवलं. सुकली सगळी, पण फुगली. आता मिटतच नाहीत. मुलं त्यांना भजी म्हणतात. "बाई, भुताचं भजं हाय का?" असं कुणी विचारलं की मी भुतांच्या गोष्टींचं पुस्तक काढून देते.

तेच भुताचं भजं नमुना म्हणून पिशवीत घालून मी आमच्या गावातून, बोर्लीहून, एसटी पकडली. तालुक्याच्या सभागृहात शहरातून आलेले तज्ज्ञ कानाला माइक लावून सांगत होते की पुस्तकांचं भविष्य आता ढगात आहे. माझ्या शेजारी एका शाळेचे पीटीचे सर होते. त्यांच्या शाळेत ग्रंथपालच नाही, म्हणून त्यांना पाठवलेलं. ते बिचारे ढग ऐकून पेंगत होते.

मग नोंदणीसाठी ॲप उघडून मोबाइल पुस्तकासमोर धरायचा होता. बाकीच्यांचं झालं. माझ्या भज्यासमोर धरला तर पडद्यावर आलं, 'पुस्तक आढळले नाही.' तज्ज्ञांनी स्वतः धरून बघितला. तेच.

"मॅडम, हे पुस्तक फार जाड आणि वाकडं आहे. काढून टाका ना."

"आणि मुलं काय वाचतील?"

"ई-बुक्स आहेत की!"

"कशावर?"

त्यांनी पुढची स्लाइड लावली.

मी काय करावं? सरळ ते पुस्तक खुर्चीवर ठेवलं आणि वर बसले. पुस्तकाला चुकून पाय लागला तरी हात लावून नमस्कार करणारी बाई मी! पीटीच्या सरांची झोप खाडकन उडाली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी हलले नाही. मग पुन्हा मोबाइल धरला. 'पुस्तक आढळले. अभिनंदन!'

धन्य ते यंत्र, आणि धन्य ते ॲप बनवणारे. सरस्वती बुडाखाली घेतली तेव्हा कुठे त्यांना दिसली.

नोंदणी दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी बंद होणार होती. दगड ठेवून दाबावीत तर तेवढे दगड आणायचे कुठून? मुलं मात्र भरपूर. मी वर्गावर्गात पुस्तकं वाटली आणि म्हटलं, "बसा यांच्यावर." मग पोरांनी आधी पुस्तकांना नमस्कार केला, मग जीभ चावून हळूच बसली. एक तास झाला की मी फोटो काढत होते. 'आढळले', 'आढळले' येत होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "बाई, भज्याचा पापड झाला!" मी हसले, पण मनातून लाज वाटत होती.

सहावीतली एक मुलगी तेवढी बसेना. पुस्तक छातीशी धरून उभी.

"बस गं बाई. नाहीतर हे रद्दीत जाईल."

"म्या न्हाय बसणार." तिचे डोळे भरले होते. "बाई, आपून त्या मोबाइलला वाचून दाखवूया का? मग तरी कळंल त्याला, पुस्तक हाय म्हणून."

मोबाइलला वाचून दाखवायचं मला कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. मी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि म्हटलं, "मलाच दाखव वाचून."

खोली राहिली. खोके व्हरांड्यातच आहेत. माझं प्रमाणपत्र मुख्याध्यापकांनी चौकटीत बसवून आपल्या खुर्चीमागे लावलंय. त्या मुलीचं पुस्तक मात्र ॲपमध्ये नाही. ते तिच्या घरी आहे, आणि मी परत मागितलेलं नाही.