दिवसा घातलेलं अंथरूण

कुंदाताई कुणाच्याही घरी गेल्या की भर दुपारी मुलांना अंथरूण घालायला लावायच्या. मूल घरीच राहू शकेल की उपचारांसाठी आणि सांभाळासाठी निवासी संस्थेत पाठवावं लागेल, हे पाहणं आमचं काम. माझ्याकडे त्यासाठी चार पानी फॉर्म होता. ताईंकडे एकच वाक्य होतं: "निजतीस कुठं, दाव बरं मला." एका मुलीला आपली जागा दाखवताच आली नाही, तेव्हा ताईंनी त्याच आठवड्यात तिची संस्थेत सोय केली.

वेल्ह्याकडच्या एका वाडीवर पोचलो तेव्हा डोंगर धुक्यात अर्धे विरघळले होते. सात वर्षांच्या सोनीला फिट्स यायच्या. आईवडील नव्हते, चुलती सांभाळायची. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठी वाक्यं आधी मनात जुळवून पाहणारी. म्हणून नुसती बघत राहिले. सोनीच्या मनगटावर फिकट, गोल वळ दिसला. विचारायचा धीर झाला नाही. फॉर्मवर लिहिलं: बांधून ठेवतात, तातडीने हलवावं.

ताईंनी ते वाचलं. सोनीला म्हणाल्या, "घाल गं अंथरूण."

सोनीनं एक वाकळ पसरली. तिला लागून दुसरी, चुलतीची. मग चुलतीला हाताला धरून खाली बसवलं आणि तिच्या पदराचं टोक स्वतःच्या मनगटाला बांधलं. सवयीची गाठ.

चुलती ओशाळली. "झटका आला की वढ बसती, मंग जाग येती. माझी झोप लई गाढ." मग विचारलं, "नेनार का हिला?"

"हिला न्यायची तर तुमालाबी न्यावं लागंल, पदरासकट," ताई म्हणाल्या. "गोळ्या चुकवू नगा. दर म्हैन्याला भोरला दाखवा. आन् मनगटाला आधी मऊ फडकं गुंडाळा."

मी ती ओळ खोडली. परतीच्या एसटीत ताई एवढंच म्हणाल्या, "लाजतीस ते ऱ्हाऊ दे. पर इचारल्याबिगर लिहू नगंस."

ताई निवृत्त होऊन उत्रोलीला गेल्या. आता मी एकटीच फिरते. परवा सोनीकडे गेले, तर मी काही बोलायच्या आत तिनं दोन्ही वाकळा घातल्या. मनगटावर वळ नव्हता. मग माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "त्या ताई कुठं निजत्यात?"

चार वर्षं मी कुंदाताईंबरोबर हिंडले. त्यांच्या घरी कोण असतं, हेही मला ठाऊक नव्हतं.

भोरला उतरले आणि घरी न जाता उत्रोलीची गाडी धरली.