हूं म्हणायला कोणीतरी लागतं

गुहागरकडचं घर मी माझ्या हाताने बंद केलं. मागच्या दाराला आतून कडी, पुढच्याला कुलूप. किल्ली धाकट्या जावेकडे दिली. ती रडायला लागली. मी म्हटलं, "रडतेस कशाला? मी मेले नाही, रियाधला चाललेय."

"वयनी, तिथं तुम्ही बोलणार कोणाशी?"

"भिंतीशी," असं म्हणून मी गाडीत बसले.

चेष्टेत बोलले ते खरं झालं. मुलगा बँकेत, सून मानसी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, नात इरा शाळेत. माणसं वाईट नाहीत. खायला आहे, एसी आहे. धूळ येते म्हणून खिडकी मात्र उघडायची नाही. इराला मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. गावाला मी दारात बसले की येणारा जाणारा थांबायचा. इथे दारात बसायचीच सोय नाही. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, हातात आला त्याच आठवड्यात मी मुलाला सांगितलं, "शाळेच्या सुट्टीत मला परत पाठव." त्याने गुपचूप तिकीट काढलं. वाद घातला नाही, त्याचंही मला वाईट वाटलं.

मानसीचा पाच मैत्रिणींचा गट आहे. सगळ्या आपल्याकडच्या. महिन्याला एक पुस्तक वाचतात आणि कोणाच्या तरी घरी बसून त्यावर बोलतात. या वेळी आमच्या घरी बसायचं होतं. कादंबरी आयर्लंडची. एक म्हातारा गावोगाव फिरतो, लोकांच्या घरी विस्तवाजवळ बसून गोष्टी सांगतो, त्याबद्दल जेवण आणि अंथरूण मिळतं. मी चौथी शिकलेली, इंग्रजी कुठून येणार? मानसी कामावरून आली की मी भाजी निवडायला बसायचे आणि ती मला मराठीत सांगत वाचायची. मी हूं, हूं करायचे.

"आई, कंटाळलात का? थांबू?"

"कंटाळले कुठे? वाच तू."

तिला कळलं नाही आणि मीही समजावलं नाही. माझे वडील पडवीत सुंभ वळता वळता गोष्टी सांगायचे. आम्ही भावंडांनी पाळीपाळीने हूं म्हणायचं. चुकलं की हात थांबायचे आणि गोष्टही. "हूं नाही तर गोष्ट नाही." मग उरलेली दुसऱ्या दिवशी.

शुक्रवारी बायका जमल्या. त्यांच्यातल्या एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फार संथ आहे, मी मधली पानं उडवली." दुसरी म्हणाली, गोष्टीत गोष्ट, त्यात आणखी गोष्ट, धागाच सुटतो. तिसरीला आजी आठवली, तिने डोळे पुसले. मग डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "काकू, तुम्हाला कशी वाटली?"

"म्हातारा बरा आहे. पण त्या पुस्तकातले लोक नुसते बसून असतात. कोण जागं, कोण झोपलं, त्याला कळतं कसं?"

सगळ्या हसल्या आणि म्हणाल्या, तुम्हीच सांगा एक. मी वडिलांची होडीवाल्याची सुरू केली. खाडीवर एक होडीवाला होता. त्याच्या होडीत एक बाई बसली. हात रिकामे, बोचकं नाही. पण होडी निघाली तशी बुडायला लागली.

समोर सगळ्या गप्प. हात मांडीवर, माना सरळ. मला वाटलं, मनातून कंटाळल्यात, मोठं माणूस म्हणून सोसतायत. मी थांबले. "खलास. चहा घ्या."

"अहो काकू, पुढे?"

"तुम्ही झोपलात ना."

"झोपलो कुठे? तुम्ही बोलताय म्हणून मध्ये बोललो नाही!"

"मध्ये बोलायचंच असतं. हूं म्हटल्याशिवाय मला काय कळणार?"

मानसी माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे मी वाचताना तुम्ही..."

"मग काय खोकत होते?"

ती एवढी हसली की चहा सांडला. हसणं आवरून ती माझ्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, "हूं." मग बाकीच्या. डॉक्टरीणबाईंचं हूं पेशंटला तपासल्यासारखं, पण चाललं. आतल्या खोलीच्या दारात इरा कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. मी श्वास घ्यायला थांबले तर ती म्हणाली, "अँड देन, आजी?"

वडिलांनी हे हूं धरलं असतं की नाही, मला माहीत नाही. मी धरलं. होडी पैलतीराला लावली.

आता रोज जेवणाआधी एक गोष्ट असते. इरा अँड देन म्हणते. परवा चुकून "मग?" म्हणाली. मी बोलून दाखवलं नाही, नाहीतर पुन्हा म्हणायची नाही.

जावेचा फोन आला. "वयनी, घर झाडून ठेवू ना? कधी येताय?"

"तिकीट पुढे ढकललंय. दिवाळीत येईन, इराला घेऊन. पडवी तेवढी झाड."

"आणि तिथं भिंत काय म्हणते?"

"हूं म्हणते," मी म्हटलं.