नव्वद अंशांवरच्या भाकरी

आमच्या घरी मला दोन गोष्टी चांगल्या येतात असं सगळे धरून चालत: इंग्रजी आणि गप्प बसणं. तिसरी मी स्वतःच्या तोंडानं जाहीर केली आणि ती अंगाशी आली.

भाऊ ओरिसात पोलादाच्या कारखान्यात नोकरीला निघाला होता. तिकडे दोन्ही वेळा भात, म्हणून महिनाभर पुरतील एवढ्या कडक भाकरी बरोबर द्यायचं आईनं ठरवलं. ज्वारीची पातळ भाकरी तव्यावरून काढायची आणि चुलीच्या कडेला उभी करून पापडासारखी होईपर्यंत सुकवायची. आई हे काम एरवी तीन-चार दिवस सवडीनं करते. पण हजर होण्याची तार आली आणि हातात एकच दिवस उरला. चुलीभोवती सहा-सातच भाकरी मावतात. तेव्हा मी म्हणाले, "माझ्या पेटीत एका वेळी तीस सुकतील."

कॉन्व्हेंटमध्ये केक शिकवला होता, म्हणून मी पत्रेवाल्याकडून ही पेटी करून घेतली होती. निखारे खाली ठेवले की केकचा तळ जळे, म्हणून त्यांच्यासाठी बाजूला छोटा डबा जोडला. त्याला हवेसाठी सरकती झडप. तिथली ऊब मोठ्या डब्यात यायची आणि पलीकडच्या नळीतून बाहेर जायची. तिच्यात केक एकदाच झाला. त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

वडील गिरणीत रंगखात्यात होते. त्यांचा तापमापक मी झाकणाच्या भोकात खोचला आणि वही घेऊन बसले. आई पहाटेपासून भाकरी थापत होती, मी आत रचत होते. झडप उघडली की पारा एकशे तीसवर, लावली की सत्तरवर. तासभर आमची ही झटापट चालली. मग मला युक्ती सुचली: ऊब नळीतून वाया जाते आहे. मी नळीत फडक्याचा बोळा कोंबला. पारा नव्वदवर येऊन थांबला. मी वहीत लिहिलं, 'स्टेडी'.

अक्कलकोटची आत्या शेजारी शेंगदाण्याची चटणी कुटत होती. "मगापास्नं काय लिवायलीस गं?"

"पारा किती आहे ते."

"आन् भाकरी कशी हाय?"

ते मी पाहिलंच नव्हतं. झाकण उघडलं असतं तर पारा उतरला असता.

दुपारी उघडलं तेव्हा वाफेचा लोट आला. भाकरी ओल्या चामड्यासारख्या, वर धुराचा वास. आईनं एक उचलली, दुमडली, पुन्हा दुमडली. भाऊ म्हणाला, "घडी बसतीय की. ट्रंकेत शर्टांखाली ठेवतो."

आई हसली नाही. तिच्या कोपरापर्यंत पीठ होतं. या भाकरींना चार दिवसांत बुरशी आली असती आणि गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. मला खोलीत जाऊन कडी लावावीशी वाटली. मदत मागणं म्हणजे वर्गात उभं राहून 'मला समजलं नाही' म्हणणं, आणि ते मी अकरा वर्षांत एकदाही केलं नव्हतं. शेवटी भिंतीकडे बघत म्हटलं, "आत्या, तू दाखव की."

तिनं आधी बोळा उपसला. "नाकात बोळा घालून बसवलीस व्हय? भाकरीतलं पाणी जाणार कुटं?" नळी कायम उघडी, आच कमीजास्त करायची ती फक्त झडपेनं, असं तिनं बजावलं. काळा कोळसा आत टाकायचा नाही, बाहेर शेगडीत लाल होऊ द्यायचा, मग घालायचा. मी काळाच टाकत होते, माझा धूर तिथला होता. नंतर तिनं झाकण किलकिलं करून हात आत घातला आणि मोजू लागली, "वंदु, यरडु, मूरु..." कानडीत आठपर्यंत जाऊन हात काढला. "आठापर्यंत हात टिकला पायजे. पाचातच वढावा लागला तर झडप सार, धाच्या म्होरं गेलं तर उघड."

माझा हात मात्र दर वेळी पंधरापर्यंत टिके. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. "यव्वा, गाडी सुटायली व्हय? सावकाश मोज की." भाजेल या भीतीनं मी पाढे म्हणावेत तशी मोजत होते.

दिवेलागणीला आईनं एक भाकरी दुमडायला घेतली आणि तिचे कट्‌कन दोन तुकडे झाले. आई तुकडा तोंडात टाकून पुढची भाकरी थापायला लागली. सकाळच्या धुरकट भाकरीही पुन्हा सुकवून भावाच्या डब्यात तळाशी गेल्या, कारण टाकून द्यायला आई तयार नव्हती.

महिन्यानं भावाचं पत्र आलं. शेवटची भाकरीसुद्धा कुरकुरीत होती, असं त्यानं लिहिलं होतं. पुढे असंही होतं की तळातल्या भाकरी चाखून खोलीतले लोक विचारतात, तुमच्याकडे घराला आग लागल्यावर स्वयंपाक करतात का. आईनं ते पत्र माझ्याकडून मोठ्यानं दोनदा वाचून घेतलं. ते वाक्य मी दोन्ही वेळा गाळलं.