आज कालवण काय?

रविवारची उपासना संपली की पाळकसाहेब चर्चच्या दारात उभे राहून प्रत्येकाशी शुद्ध हिंदीत दोन शब्द बोलत. माझी पाळी आली की मात्र पांढऱ्या झग्यातला हा माणूस मोठ्यानं विचारी, "काय गं लेकी, आज कालवण काय?" मागे रांग खोळंबे. मला मेलीला संकोच वाटे आणि आवडेही.

त्यांचं सारं आयुष्य एका मोठ्या कॅथेड्रलमध्ये गेलेलं. तिथे बिशपच्या शेजारी बसले, बड्या साहेबलोकांपुढे उपदेश केले. शेवटची नेमणूक बनारसच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये. मूळचे नगरकडचे, बायको वारलेली, मूलबाळ नाही. आम्हीही नगरचे, नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीपायी इथे आलेलो. मंडळीत मराठी बोलणारं आमचं एकच घर. संध्याकाळी ते राजा घाटावर मराठी यात्रेकरूंची बोलणी ऐकत बसत. "देव ज्याचा त्याचा गं," म्हणत, "पण 'अहो, जपून उतरा' एवढं कानावर पडलं तरी माझं पोट भरतं."

हल्ली विसरायला लागले होते. आधी माणसांची नावं, मग प्रार्थनेच्या ओळी. आम्ही सांभाळून घेतलं. पण यंदा एका लग्नात त्यांनी दफनविधीच वाचायला घेतला. नवरीची आई रडायला लागली.

कमिटीनं ठरवलं, आता पुरे. चर्चचा बंगला सोडून त्यांनी वृद्धाश्रमात जावं. सांगायचं कोणी? सेक्रेटरी मला म्हणाले, "आप बोलिए, भाभीजी. अपनी भाषा में सुनेंगे तो बुरा नहीं लगेगा." मोठी शहाणी मी, कबूल झाले.

रिकाम्या हाती कसं जायचं म्हणून पिठलं-भाकरी नेली. ते लगेच जेवायलाच बसले. म्हणाले, "आता इथून मी कुठं जायचा नाही बघ." त्यांच्या तोंडात घास असतानाच मी सांगून टाकलं. मराठीत, गोड बोलून. हातातली भाकरी त्यांनी ताटात ठेवली. "बरं," म्हणाले. मग ताट बाजूला सारत, "तुला पाठवलं होय त्यांनी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उरलेलं पिठलं घरी आणलं, ते कुणाच्यानं खाववलं नाही.

ते वृद्धाश्रमात जायला निघाले त्या दिवशी सगळी मंडळी बंगल्यापाशी जमली होती. एकेकाचा निरोप घेत ते माझ्यासमोर आले. मी सलाम केला. सगळ्यांना जोडले तसेच त्यांनी मलाही हात जोडले आणि म्हणाले, "अच्छा बहनजी, चलते हैं. प्रभु आपका भला करे."

नवरा म्हणतो, विसरले असतील तुला. विचारणाऱ्यांना मीही तेच सांगते.