शालीला लागलेली कसर

"ताई, आई गेली," असा छत्रीबागेतून माझ्या चुलतभावाचा, अजयचा फोन आला, तेव्हा मी त्याच्या आईशी, म्हणजे काकूशी, पाच महिने बोलले नव्हते. आता सव्वा महिना उलटलाय. लिहायला बसलेय, पण लाज काही सुटत नाही...

काकू शाळेत जीवशास्त्र शिकवायची. तिच्या घरी झुरळसुद्धा नावगाव विचारल्याशिवाय मरत नसे. दिव्याभोवती पतंग दिसला की मी कपाटाची दारं लावायला धावायची आणि ती हसायची. "अगं, तो बिचारा बाहरवाला. कपड्यांचा पतंग उजेडापासून पळतो. आणि खातो तो नाही, त्याची अळी खाते, घामाच्या, डागाच्या जागी. धुवून ऊन दाखव, बस!"

एवढं ऐकूनही आई गेल्यावर मी तिचे लोकरीचे कपडे धुतले नाहीत. धुतले तर तिचा वास जाईल ना! पेटीत तसेच दाबून ठेवले. त्यातली लाल शाल काकूने आठवण म्हणून मागून नेली. थंडीत तिच्याकडे गेले, तर शालीची चाळण झालेली. माझं डोकंच फिरलं. "आईची एक वस्तू तुला सांभाळता आली नाही?" नको नको ते बोलले. काकूने शालीतून तांदळाएवढी एक नळी उचलली, भिंग पुढे केलं. "जरा देख तो सही. अळी जे खाते, त्याचंच घर विणते. वाढली की दोन्ही टोकांना जोडत जाते." मी तिचा हात झटकला आणि रडायला लागले. तिने भिंग खाली ठेवलं.

तेराव्यानंतर अजयने शाल परत दिली, सोबत एका डबीत ती नळी. या वेळी मी पाहिली. टोकं लाल, मध्ये हिरवी. म्हणजे अळीची सुरुवात हिरव्या लोकरीत झाली होती. आईचा हिरवा स्वेटर माझ्या पेटीत होता. घरी येऊन उघडला, तर पाठ उरलीच नव्हती. कसर माझ्याच घरून गेली होती.

"तिला माहीत होतं?" मी अजयला फोन केला.

"पहिल्या दिवसापासून. तू रडत निघून गेलीस, तेव्हा मी म्हटलं, ताईला बता दे ना. तर म्हणाली, 'रहने दे. आईची शाल तिच्याच हातून गेली, हे तिला कळायला नको.' पण मला नाही राहवलं, ताई."

दुसऱ्या दिवशी उरलेला स्वेटर मी गरम पाण्यात धुतला. गढूळ पाणी ओतताना रडू कोसळलं. आई गेल्यापासून मी फक्त तिच्यासाठीच रडत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा काकूसाठी रडले.