हळदीचा पट्टा

शाळेतल्या माझ्या मैत्रिणीचा, सुमनचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून उभी होते. "शमीम, खिल्लारे बाई गेल्या," एवढंच ती म्हणाली आणि फोन ठेवला. दूध उतू गेलं. मी ओटा पुसला, परत पुसला, गॅलरीत गेले, आत आले, पुन्हा गॅलरीत गेले. सुनेला वाटलं मला धक्का बसलाय. धक्का कसला? बाईंचं वय झालं होतं, तब्येत ढासळलेली होती. मला राग आला होता. शाळेत असल्यापासून एक गोष्ट मला त्यांना विचारायची होती आणि ती विचारण्याआधीच त्या निघून गेल्या. काही आठवडे झाले, तरी मी अजून एका जागी धड बसत नाही. वर्तमानपत्र उघडते, मिटते... लिहून काढ, बरं वाटेल, असं सुमन म्हणते. बघू.

खिल्लारे बाई म्हणजे वसमतला आमच्या मुलींच्या शाळेतल्या खेळाच्या बाई. सत्तरच्या दशकातली गोष्ट. हिंगोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा कारभार परभणीहून चालायचा. बाई मूळच्या सेनगावकडच्या साखऱ्याच्या. मामाकडे राहून नागपूरला शिकल्या आणि तिथून येताना सॉफ्टबॉल नावाचा खेळ घेऊन आल्या. गावाला क्रिकेट माहीत होतं, तेही पोरांचं. मुलींनी बॅट हातात धरायची म्हटल्यावर लोक कुंपणाशी उभे राहून बघायचे. या खेळात चेंडू टाकणारीला पिचर म्हणतात. चेंडू खांद्यावरून नाही, खालून, मांडीजवळून सोडायचा. आणि पुरती तयार झालेली पिचर त्याआधी हात पूर्ण गोल फिरवते. त्या गोल फिरवण्याला बाईंनी नाव दिलं होतं रहाट. मला पहिल्या दिवसापासून तो रहाट पाहिजे होता, आणि बाई तो द्यायला तयार नव्हत्या.

आधी नुसतं मनगट. कोपर कमरेला चिकटवायचं, बोटं चेंडूच्या शिवणीवर ठेवायची आणि मनगटाच्या झटक्याने चेंडू असा सोडायचा की तो बोटांच्या टोकांवरून फिरत गेला पाहिजे. झेलायला सुमन इतकी जवळ बसायची की तिचं पुटपुटणंसुद्धा मला ऐकू यायचं. ते जमलं की कमरेपासून अर्धा झोका, मग झोक्यासोबत एक पाऊल, आणि सगळं सरळ झालं तर रहाट. मधली पायरी गाळायची नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली, आणि मी आपली मनगटावरच. एकदा वैतागून म्हटलं, बाई, आमी काय गोट्या खेळून राहिलो का? त्यांनी शांतपणे चेंडू माझ्या हातात परत ठेवला. "हात कुणाचाबी फिरते, शमीम. चेंडू फिरला पाह्यजे. काहून घाई करून राह्यलीस?"

पण चेंडू नीट फिरतोय की नाही हे कळायचं कसं? पांढरा चेंडू, डोळ्यांसमोरून जातो आणि संपतो. त्यावर बाईंनी जो उपाय काढला तो हळदीच्या वसमतमध्येच सुचावा. माझ्या अब्बांचा हळदीचा व्यापार होता. बाई एक दिवस दुकानावर आल्या आणि ओंजळभर हळद मागितली. अब्बांना वाटलं घरात कार्य आहे, त्यांनी चांगली निवडलेली दिली. बाईंनी ती डिंकाच्या पाण्यात कालवली आणि अंगठ्याने चेंडूच्या पोटावरून गोल पट्टा ओढला. मनगट सरळ सुटलं की हवेत तो पट्टा ताठ उभा दिसायचा, माझ्या हातापासून सुमनच्या ग्लोव्हपर्यंत एक पिवळी रेघ. मनगट जरा वाकडं गेलं की रेघ मोडायची आणि सगळा चेंडूच पिवळा व्हायचा. त्यात लपवालपवी चालत नसे. सुमनचे हात मात्र कायम पिवळे. नळावरच्या बायका तिला विचारायच्या, काय गं, कुणाची हळद लावून आलीस, आमाला बोलावलं न्हाई? ती लाजायचं नाटक करायची आणि मला हसू आवरायचं नाही.

एक गोष्ट आम्हाला खटकायची. बाई स्वतः कधीच रहाट फिरवून दाखवत नसत. कोपर कमरेला लावून मनगट तेवढं दाखवायच्या, पुढचं सगळं तोंडाने. आमच्यातली चंदा, ती दुसरी पिचर, बाईंची हुबेहूब नक्कल करायची आणि आम्ही पोट धरून हसायचो. आमचं ठरलंच होतं की बाई नागपुरात तेवढंच शिकल्यात, पुढचं त्यांनाच येत नाही, म्हणून आम्हाला अडवून ठेवतात.

शेवटी रहाट मिळाला. तो दिवस मला अजून अंगात जाणवतो. हात मागून वर, कानाजवळून खाली, आणि मांडीपाशी मनगटाचा तोच जुना झटका... चेंडू सुमनच्या ग्लोव्हमध्ये असा आपटला की कुंपणाशी उभे असलेले लोक एक पाऊल मागे सरले. पट्टा उभा होता. पाठोपाठ, बॅटपाशी पोचताच एकदम खाली जाणारा चेंडू बाईंनी शिकवायला घेतला; तो फिरकीवरच चालतो, जोरावर नाही. पण नियम कडक. पट्टा डुलायला लागला की त्या दिवसापुरतं बंद. मी कितीही रुसले तरी बाई चेंडू उचलून पिशवीत टाकायच्या.

मग परभणीचा सामना आला. त्यातून विभागाचा संघ निवडणार होते. अब्बांनी आधीच सांगून ठेवलं होतं की निवड झाली तर पाठवीन, नाही झाली तर हा खेळ संपला, मॅट्रिक करायची आणि घरी बसायचं. म्हणजे माझं जे काही होणार होतं ते त्या एका दुपारवर होतं, आणि हे बाईंना माहीत होतं. पंचांनी हळदीचा चेंडू बघून हात जोडले आणि कोरा पांढरा चेंडू दिला. मला पट्टा दिसत नव्हता, पण चेंडू चांगले पडत होते. समोरच्या मुली हवेत बॅटी फिरवत होत्या. शेवटच्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो. निवड करणारे मंडपात बसून माझ्याकडेच बघत होते. आणि बाई मैदानात चालत आल्या, माझ्या उचललेल्या हातातून चेंडू घेतला आणि चंदाला दिला.

"बाई, माझं काय चुकलं?"

"काही न्हाई चुकलं. हात खाली घे."

बस, एवढंच. सामना आम्ही हरलो, आमच्यातल्या कुणाचीच निवड झाली नाही. परतीच्या एस.टी.त मी खिडकीकडे तोंड करून बसले, बाई पुढच्या सीटवर. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. घरी अब्बा एवढंच म्हणाले, बस हुआ बेटा. पुढे परीक्षा आली, बाईंची बदली हिंगोलीला झाली, माझं लग्न होऊन मी नांदेडला आले. त्यानंतर मी कधी चेंडू टाकला नाही. पण स्वयंपाक करताना, नमाजला उभं राहताना, नातवाला झोपवताना अचानक मनात यायचं... का काढलं मला? बरोबर पडत होतं ना?

मध्ये एकदा हिंगोलीच्या स्टँडवर बाई भेटल्या. केस पांढरे, डाव्या हातात पिशवी. मुलाबाळांची चौकशी नाही, नवऱ्याची नाही, पहिलं म्हणाल्या, "हात कसा हाय तुझा?" बरा आहे म्हटलं. म्हातारपणाचं काहीतरी विचारतायत असं मला वाटलं. मी विचारणारच होते, जिभेवर आलं होतं, पण नांदेडची गाडी लागली आणि लोक चढायला लागले. मी पण चढले.

परवा सुमनला घेऊन हिंगोलीला जाऊन आले. बाईंची भाची माया शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होती. तिने बाईंच्या खोलीत बसवलं. अंधार होता म्हणून मी दाराजवळ भिंत चाचपली, बटण सापडेना. माया म्हणाली, खाली बघा, खाली. बटणं कमरेएवढ्या उंचीवर होती. दिवा लागल्यावर मला दिसायला लागलं. आरसा इतका खाली की वाकल्याशिवाय तोंड दिसू नये. कपडे टांगायचे खिळे पोटाच्या उंचीवर, डब्यांची फळीही तिथेच. बुद्धाची तसबीरसुद्धा छातीसमोर, कारण हार त्यांना स्वतःच्या हाताने घालायचा असे. खांद्याच्या वर त्या खोलीत एक खिळासुद्धा नव्हता, नुसता चुना.

माया सांगत होती. मावशी नागपूरला पिचर होती. तिथल्या शिकवणाऱ्यांनी तिच्याकडून पहिल्याच महिन्यात रहाट फिरवून घेतला, सामन्यामागून सामने. दुखतंय म्हटलं तर अजून दोन डाव, अजून दोन डाव. उजवा हात खांद्याच्या वर परत कधी गेला नाही, वेणीसुद्धा माझी आई घालून द्यायची. शाळेत बोलायची सोय नव्हती, खेळाच्या बाईला हात उचलता येत नाही म्हटल्यावर नोकरीवर कोण ठेवणार?

म्हणजे त्या दुपारी हळद नसताना बाईंना माझा पट्टा डुलताना, खांदा थकताना दिसला होता. मला तेव्हाही राग आला आणि आताही आला. नंतर तरी सांगायचं होतं, नोकरीतून निवृत्त झाल्यावर, निदान त्या स्टँडवर. मी भांडले असते, रडले असते, पण त्यांच्यासमोर...

मला बसवेना. मी उठून त्या कोऱ्या भिंतीशी गेले आणि उजवा हात वर केला. या वयात तो कानाला लागून सरळ वर गेला, कुठे कळ आली नाही. बोटांना चुना लागला. सुमन आणि माया बघत होत्या. मी हात तसाच वर धरून उभी राहिले. खाली घे म्हणायला आता कुणी नव्हतं.